हलू नका

किट्वेत, तांब्याच्या खाणीच्या फाटकासमोर
बापाचा स्टुडिओ होता. एक स्टूल, एक पांढरा पडदा,
आणि दिवसभर एकच वाक्य :
हलू नका.
खाणकामगार श्वास कोंडून बसायचे.
ओळखपत्रांवर सगळेच जरा मेल्यासारखे दिसायचे.

या पक्ष्याला मात्र ते सांगावं लागत नाही.
बांगवेउलूच्या दलदलीत, पपायरसच्या कडेला
तो पहाटेपासून उभा आहे, पाटीसारखा राखाडी,
सात वर्षांच्या पोरीएवढा उंच.
चोच म्हणजे कुणीतरी दाराशी काढलेली
आणि परत न्यायला विसरलेली खडाव.
मी लेन्स पुसतो. पुन्हा धुकं बसतं.
पुन्हा पुसतो.
पाणी संपतं कुठे आणि आभाळ लागतं कुठे
हे इथे कुणी ठरवून दिलेलं नाही.

कातोंगो मागे उभा आहे, बांबू चिखलात रोवून.
होडी एकाच खोडातून कोरलेली. त्यानं श्वास घेतला
तर मला तो फळीतून कळतो. म्हणून तो
मी बटण दाबेपर्यंत श्वासही बेतानं घेतो.
पूर्वी मासे मारायचा. आता घरटं राखतो,
चार महिने, पाण्यावरच्या गवताच्या गादीवर,
मच्छरदाणीला अकरा गाठी.

घरट्यात दोन पिल्लं असतात.
थोरलं धाकट्याला टोचतं, आई बघते,
शेवटी एकच उरतं. कातोंगोनं हे मला
भाजलेला मासा सोलता सोलता सांगितलं होतं,
आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला होता,
काही न बोलता. काटे त्यानंच काढले होते.

माझं एक छायाचित्र लुसाकाच्या हॉटेलात लागलंय,
जिन्याच्या वळणावर. पक्षी, चोचीत मासा,
माशाच्या शेपटीवरून निसटणारा एक थेंब.
लोक विचारतात, किती वाट पाहिलीत?
मी म्हणतो, नऊ दिवस.
खोटं आहे. वाट त्यानं पाहिली.
मी नवव्या दिवशी पोहोचलो.

चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात बांबूची सावली होती.
संपादकानं कापली.
मीही हो म्हटलं होतं.

यंदा तो म्हणाला, मलापण एक फोटो हवाय.
पगार आता बँकेत येणार, कचेरीत द्यायचाय,
मागे पांढरं पाहिजे म्हणतात.
दलदलीत पांढरं काय असतं? बगळे.
शेवटी मक्याच्या पिठाचं पोतं उसवलं,
उलटं करून दोन वल्ह्यांवर ताणलं.
तो समोर बसला, उपड्या बादलीवर,
सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावून. पाय चिखलात.

मी डोळा लावला,
आणि बापाचा आवाज माझ्या घशातून बाहेर आला :
हलू नका.

वीस वर्षांत मी त्याला अहोजाहो केलं नव्हतं.
तो आधी गंभीर झाला. मग ओठ थरथरला.
मग असा फुटला की बादली कलली,
पोतं आमच्या दोघांच्या अंगावर,
केसांत पीठ, नाकात पीठ,
तो मला म्हणतोय, काय हो साहेब,
मी त्याला म्हणतोय, बसा हो, बसा,
आणि दोघांना धड श्वास घेता येत नाही.

कचेरीसाठी नंतर एक काढला. नीट.
त्यात तो थोडा मेल्यासारखा दिसतो.
पहिला माझ्याजवळ आहे. त्यात काहीच स्पष्ट नाही,
एक पांढरा झोत, दातांची रेघ,
हात असावा असं काहीतरी.

त्याच वेळी पाठीमागे, अगदी जवळ,
चोच वाजली. कोरडी, जोरात,
कुणी लाकडी पेटी उघडझाप करावी तशी.
एवढ्या जवळ तो कधीच आला नव्हता.
कॅमेरा हातात होता.
मी कातोंगोच्या भुवयांवरचं पीठ झटकत होतो.